मिठाच्या पाण्याची परीक्षा

माझ्या प्रकल्पाची सुरुवात सोन्याने नव्हे, तर भांडी धुण्याने झाली. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षासाठी मी सोन्याचे नॅनोकण आणि त्यांच्या आधारे रक्तातील प्रथिन ओळखणारी तपासणीपट्टी हा विषय घेतला होता. पहिल्या दिवशी सरांनी माझ्या हाती एकही रसायन दिले नाही. दोन शंकुपात्रे, एक चंचुपात्र आणि ढवळण्याची चुंबकी कांडी एवढेच दिले आणि हे सगळे आम्लराजात बुडवून, नंतर ऊर्ध्वपातित पाण्याने आठ-दहा वेळा खळबळून आण, असे सांगितले. आम्लराज म्हणजे एक भाग नायट्रिक आणि तीन भाग हायड्रोक्लोरिक आम्ल. झाकण उघडल्यावर येणारा तो पिवळट, घशात बसणारा वास मला ओळखीचा वाटला, कारण माझे गाव दिंडोरी तालुक्यात असले तरी शिक्षणासाठी मी नाशिकला मावशीकडे राहते आणि तिचा वाडा सराफ बाजारामागच्या गल्लीत आहे. सोने गाळणाऱ्या कारागिरांकडचा तेजाबाचा वास तिथे येता-जाता नाकात जातोच.

मला त्या धुण्याचे महत्त्व तेव्हा पटले नव्हते. काच डोळ्यांना स्वच्छ दिसत होती, बाहेर पाऊस पडत होता आणि मला शेवटची बस गाठायची होती. म्हणून दुसऱ्या शंकुपात्राचे आम्लराज मी पाच मिनिटांतच ओतून टाकले. त्याच पात्रात दुसऱ्या दिवशी गोल्ड क्लोराइडचे ०.०१ टक्के द्रावण १०० मिलिलिटर घेऊन उकळायला ठेवले. प्रयोगशाळेत ज्याला सगळे गोल्ड क्लोराइड म्हणतात ते खरे तर क्लोरोऑरिक आम्ल असते. द्रावणाला उकळी आल्यावर त्यात १ टक्का तीव्रतेचे ट्रायसोडियम सायट्रेट १ मिलिलिटर एका दमात टाकायचे, इतकी ही कृती सोपी आहे. जॉन टर्केविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९५१ मध्ये तपशीलवार मांडली आणि १९७३ मध्ये फ्रेन्स यांनी सायट्रेटचे प्रमाण कमी-जास्त करून कणांचा आकार कसा ठरवता येतो ते दाखवले. सायट्रेट कमी घातले की कण मोठे होतात. आम्हाला सुमारे ४० नॅनोमीटरचे कण हवे होते (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), म्हणून हे प्रमाण. माझ्या पात्रात मात्र लाल रंगाऐवजी गढूळ जांभळट पाणी तयार झाले आणि संध्याकाळपर्यंत तळाशी काळसर गाळ बसला. काचेवर आधीच्या कुणाच्या तरी प्रयोगातले सोन्याचे कण चिकटून राहिले असतील, तर नवे सोने पाण्यात स्वतंत्र कण बनवण्याऐवजी त्यांच्यावरच जमत जाते. सरांनी पात्र उजेडाकडे धरले, एकदा हलवले आणि इतकेच म्हणाले, "बस मिळाली ना?"

दुसऱ्या खेपेस मी काच रात्रभर आम्लराजात ठेवली. फिकट पिवळे द्रावण उकळत होते, त्यात सायट्रेट पडताच पिवळेपणा गेला आणि काही क्षण पाणी अगदी रंगहीन झाले. मग त्यात राखेसारखी छटा आली, ती गडद होत शाईसारखी निळीकाळी झाली, आणि मी पुन्हा सगळे बिघडले असे समजून खुर्चीवर बसणार, तोच कडेने जांभळा आणि मग पाहता पाहता सगळ्या द्रावणाला कोकम सरबताचा रंग चढला. हा रंग कुठल्याही रंगद्रव्याचा नाही. सोन्याच्या इतक्या लहान कणातले मोकळे इलेक्ट्रॉन हिरव्या प्रकाशाच्या लयीत एकत्र हेलकावतात आणि तो प्रकाश शोषून घेतात, म्हणून उरलेला लाल आपल्याला दिसतो. मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्येच असे लाल सोने तयार करून त्याचा प्रकाशाशी असलेला संबंध तपासला होता. वर्णपटमापकावर माझ्या द्रावणाचे शिखर, म्हणजे सर्वांत जास्त शोषला जाणारा प्रकाश, ५२७ नॅनोमीटरला आले, म्हणजे अपेक्षेच्या आसपास. त्या दिवशी मी बसने न जाता गंगापूर रोडवरून चालत घरी आले.

मावशीला मी लहान बाटलीत थोडे द्रावण नेऊन दाखवले. तिने ती बाटली देवघरातल्या दिव्यासमोर धरली आणि विचारले, "म्हणजे सुवर्णभस्मच ना गं हे?" हा प्रश्न नंतर मला इतक्या जणांनी विचारला की त्याचे उत्तर मी पाठच करून टाकले. भस्मातही सोने अत्यंत बारीक झालेले असते हे खरे, पण ते पुन्हा पुन्हा पुटे देऊन, आगीत तयार केलेले असते आणि पोटात घेतले जाते. माझे सोने पाण्यात तरंगते, ते कुणाच्या पोटात जाणार नाही आणि ते स्वतः औषधही नाही. ते फक्त रंग दाखवणारे वाहन आहे. त्याच्या पाठीवर काय बसवायचे, हे खरे काम.

पाठीवर बसवायची होती सीआरपी या प्रथिनाला पकडणारी प्रतिपिंडे. शरीरात संसर्ग किंवा मोठी सूज असली की यकृत हे प्रथिन रक्तात सोडते, आणि डॉक्टर आजकाल तापाच्या रुग्णाला ही तपासणी हटकून सांगतात. प्रतिपिंडांची ती एवढीशी कुपी माझ्या महिन्याच्या सगळ्या खर्चापेक्षा महाग होती, त्यामुळे तिचा एकेक मायक्रोलिटर मी जपून वापरत होते. कण आणि प्रतिपिंड नीट चिकटावेत म्हणून सोन्याच्या द्रावणाचा पीएच पोटॅशियम कार्बोनेट घालून साडेआठच्या आसपास आणायचा असतो. मी सरळ पीएच मीटरचा इलेक्ट्रोड त्या द्रावणात बुडवला. आकडा जागेवर थांबेना, आणि बाहेर काढला तर इलेक्ट्रोडच्या टोकावर काळपट थर. उघडे सोने इलेक्ट्रोडमधून झिरपणाऱ्या क्षाराने गोळा होऊन त्याच्या छिद्रांवर बसते, म्हणून या कामात पीएचचा कागद वापरतात, हे प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाला ठाऊक होते, मला सोडून. विभागातला तो एकमेव धड चालणारा इलेक्ट्रोड होता आणि पुढचे दोन आठवडे माझ्याकडे कुणी फारसे प्रेमाने पाहिले नाही.

त्यानंतरची चाचणी मला या साऱ्या कामातली सर्वांत देखणी वाटते. दहा छोट्या नळ्यांत प्रत्येकी १ मिलिलिटर लाल सोने घ्यायचे, पहिलीत प्रतिपिंड अजिबात नाही, पुढे चढत्या क्रमाने थोडे थोडे अधिक, दहा मिनिटे थांबायचे आणि मग प्रत्येक नळीत १० टक्के मिठाच्या पाण्याचे १०० मायक्रोलिटर टाकायचे. नुसत्या सोन्याच्या कणांभोवती सायट्रेटचा ऋणभार असतो, त्यामुळे कण एकमेकांना दूर ढकलत राहतात. मीठ पडले की त्या भाराची धार बोथट होते, कण एकमेकांना बिलगतात आणि लाल रंग निळा होतो. ज्या कणांवर प्रतिपिंडांचे पांघरूण पुरते बसले आहे त्यांना मात्र मीठ काही करू शकत नाही. माझ्या पहिल्या तीन नळ्या बघता बघता निळ्या झाल्या, चौथी जांभळट झाली आणि पाचवीपासून पुढच्या सगळ्या लालच राहिल्या. पाचव्या नळीतले प्रमाण, त्यावर थोडे अधिक, हे माझे माप ठरले. उरलेल्या मोकळ्या जागा गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिनने भरून काढल्या. फक्त एवढे लक्षात ठेवावे लागते की चिकटलेल्या प्रतिपिंडांपैकी सगळ्यांचे हात, म्हणजे प्रथिन पकडणारी टोके, बाहेरच्या बाजूला नसतात. काही पालथी पडतात, काही आडवी, आणि ती तपासणीच्या दृष्टीने वायाच जातात.

याच आठवड्यात मावशीचा आजार परतला. तीन वर्षांपूर्वी तिच्या अंडाशयाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया आणि केमो झाली होती. आता पोटात पुन्हा गाठी दिसल्या. डॉक्टरांनी लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन, म्हणजे चरबीच्या अतिसूक्ष्म फुग्यांत (लायपोसोममध्ये) कोंडलेले केमोचे औषध, दर चार आठवड्यांनी द्यायचे ठरवले. हृदयाचा टू-डी इको आधी करून घेतला, कारण डॉक्सोरुबिसिन जसजसे शरीरात साठत जाते तसा हृदयाच्या स्नायूला धोका वाढतो. ऑगस्टमधल्या एका सकाळी काकांना कामावर जावे लागले आणि मी मावशीबरोबर डे-केअरला गेले. सिस्टरनी फ्रिजमधून कुपी आणली. आतले औषध लाल होते, पण माझ्या सोन्यासारखे आरपार दिसणारे नव्हते; पाण्यात किंचित दूध पडल्यासारखे धुकट होते. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना नॉर्मल सलाइन चालू होते, म्हणून मावशीने सहज विचारले, "सिस्टर, मला पण तेच लावा ना, मागच्या वेळी त्याने बरं वाटलं होतं." सिस्टर पिशवीवरचे नाव पुन्हा वाचत म्हणाल्या, "नाही काकू, या औषधाला डी-फाइव्हच लागतं. एनएस चालत नाही."

मी जागच्या जागी ताठ झाले. डी-फाइव्ह म्हणजे ५ टक्के डेक्स्ट्रोज, साखरेचे पाणी. एनएस म्हणजे मिठाचे पाणी. आठवडाभर मी मिठाने सोने निळे करत होते आणि इथे माझ्या मावशीच्या हातात जाणाऱ्या नॅनोकणांनाही मीठ वर्ज्य होते. पहिला डोस फार हळू सोडतात, सुरुवातीला मिनिटाला १ मिलिग्रॅम. कारण काही रुग्णांना पहिल्याच वेळी चेहरा लाल होणे, छाती आवळणे, पाठ दुखणे असे त्रास होतात. सिस्टर पंधरा-वीस मिनिटे खाटेजवळून हलल्या नाहीत. मावशी खिडकीकडे बघत राहिली आणि मी थेंब मोजत.

दुसऱ्या दिवशी मोठा शोध लागल्याच्या थाटात मी हे सरांना सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून मोडीत काढले. माझ्या सोन्याचे रक्षण विद्युतभार करतो, म्हणून मीठ त्याला घातक. लायपोसोमच्या अंगावर पॉलीइथिलीन ग्लायकॉलच्या लांब साखळ्यांची दाट लव असते, आणि ती लवच कणांना एकमेकांपासून दूर ठेवते. त्यामुळे तिथे मीठ वर्ज्य असण्याचे कारण माझ्या नळीतले कारण नव्हे. त्या औषधाची गोम आतल्या बाजूला आहे. चरबीच्या दुहेरी पडद्याच्या फुग्यात आधी अमोनियम सल्फेट भरलेले असते; डॉक्सोरुबिसिन पडद्यातून आत शिरते, सल्फेटबरोबर त्याचे घट्ट स्फटिक बनतात आणि ते अडकून पडते. बाहेरचे द्रव कसे असावे याचे नियम त्या बंदिस्त व्यवस्थेशी बांधलेले आहेत, आणि डी-फाइव्हखेरीज दुसरे काही वापरू नये हे औषधाच्या माहितीपत्रकातच छापलेले असते. "दोन गोष्टी सारख्या दिसल्या की त्यांचं कारणही एकच असतं, असं धरून चालू नकोस," सर म्हणाले. मला राग आला, पण वहीत लिहून घेतले.

त्या रात्री मी या औषधाबद्दल मिळेल ते वाचले. असे चरबीचे फुगे अॅलेक बँगहॅम यांनी १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये ओळखले. जेरुसलेममधले येखेझ्केल बारेनहोल्झ आणि अल्बर्टो गाबिझॉन यांनी त्यात डॉक्सोरुबिसिन कोंडण्याचे काम तडीस नेले, आणि १९९५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले हे पहिले नॅनो-औषध ठरले. आपल्याकडच्या सन फार्माचे याच प्रकारचे औषध २०१२ मध्ये अमेरिकेत तुटवडा पडला तेव्हा तिथल्या औषध प्रशासनाने तात्पुरते आयात करू दिले होते, हे वाचून मावशीला सांगितले तेव्हा ती पहिल्यांदाच जरा खुलली. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईत वाढलेल्या, सांध्यांत फटी असलेल्या असतात आणि तिथून हे फुगे बाहेर झिरपून साचतात, हे तत्त्व जपानमध्ये मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ मध्ये मांडले. 'लक्ष्यवेधी उपचार' हा शब्द या संदर्भात वाचनात आला की माझ्या डोळ्यांसमोर अर्जुन आणि माशाचा डोळा येत असे. मग टोरांटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने २०१६ मध्ये केलेला आढावा हाती लागला. त्याआधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र पाहिले, तर शिरेतून दिलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचणाऱ्यांचे मध्यक प्रमाण ०.७ टक्के होते. बाकीचे बहुतांश यकृत आणि प्लीहा गिळून टाकतात.

मी तो आकडा मावशीला सांगितला नाही. पण मला स्वतःला तो पचवायला काही दिवस लागले आणि त्यानंतर मला हे औषध अधिक नीट कळले असे वाटते. त्याचा मोठा गुण नेम अचूक असणे हा नाही, तर ते हृदयात फारसे जात नाही हा आहे. हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती एकसंध असतात, तिथून सुमारे १०० नॅनोमीटरचा फुगा सहजी बाहेर पडत नाही. औषध कुठे पोचते याइतकेच ते कुठे पोचत नाही यालाही उपचारात किंमत असते. रक्तात दोन-तीन दिवस फिरत राहण्याची किंमत मात्र दुसरीकडे मोजावी लागते, आणि ती मावशीच्या तळहातांनी मोजली.

दुसऱ्या डोसनंतर दहा-बारा दिवसांनी तिचे तळहात आणि तळपाय लाल झाले, झोंबू लागले. हा त्रास या औषधात नेहमी आढळतो. जिथे घर्षण, दाब आणि उष्णता जास्त, तिथे तो अधिक होतो. गरम पाण्यात हात घालू नका, घट्ट चपला घालू नका, कपडे पिळू नका, असे डॉक्टरांनी सांगितले होते. भाकरी थापू नका, असे कुणी सांगितले नव्हते, कारण ते कुणाला सुचलेच नाही. मावशी तीस वर्षे रोज बाजरीच्या भाकरी थापते. गरम पाण्यात मळलेले पीठ, तळहाताचा दाब आणि शेजारी तापलेला तवा, म्हणजे वर्ज्य केलेल्या तिन्ही गोष्टी एकाच परातीत. मी हे सिस्टरना सांगितले तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला आणि पुढच्या प्रत्येक रुग्णाला विचारायच्या प्रश्नांत भाकरीची भर घातली. मावशीच्या घरात त्यानंतर पोळ्या आल्या, त्याही पोळी-भाजी केंद्रातून, आणि पहिले दोन दिवस काकांनी त्या निषेधाच्या सुरात खाल्ल्या. तिसरा डोस एक आठवडा पुढे ढकलला आणि मात्रा थोडी कमी केली.

इकडे पट्टीचे काम सुरू झाले होते. सप्टेंबरात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की आमच्या गल्लीतले लोक आकडे ऐकत नाहीत; रामकुंडाजवळ गोदावरीच्या पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कोणत्या अंगाला पाणी लागले एवढेच विचारतात, आणि पाणी छातीपर्यंत आले म्हटल्यावर सराफ बाजारातली दुकाने आवरायला लागतात. मला माझ्या पट्टीकडून नेमके हेच हवे होते. यंत्र नको, आकडा नको. रेघ उमटली की नाही ते नुसत्या डोळ्यांना दिसावे. नायट्रोसेल्युलोजच्या पडद्यावर दोन रेघा आखायच्या, एक सीआरपी पकडणाऱ्या दुसऱ्या प्रतिपिंडांची, तिच्या पुढे पट्टी नीट चालली हे दाखवणारी नियंत्रण रेघ. खालच्या बाजूला काचतंतूंच्या पॅडवर माझे सोने सुकवून ठेवायचे, वरच्या टोकाला पाणी शोषणारा जाड कागद. थेंब टाकला की सोने सुटे होऊन वर सरकते, वाटेत प्रथिन भेटले तर ते घेऊन पहिल्या रेघेवर अडकते आणि लाल रेघ दिसते. गर्भचाचणीच्या आणि कोविडच्या घरगुती पट्ट्याही याच पद्धतीच्या. रुग्णांचे रक्त वापरायला नैतिकता समितीची परवानगी लागते आणि तेवढा वेळ आमच्याकडे नव्हता, म्हणून आम्ही विकत मिळणारे शुद्ध सीआरपी आणि तयार नियंत्रण सीरमच वापरले.

पावसाळी हवेत मी सुकवलेले पॅड सुकतच नव्हते. वरून कोरडे लागायचे, पण आत ओल राहायची, आणि अशा पॅडमधले सोने थेंब पडल्यावर सुटे न होता तिथेच गुलाबी डाग होऊन बसायचे. द्रावणात साखर घातली, पॅड आधी अल्ब्युमिन आणि थोड्या ट्वीनमध्ये (हा एक सौम्य साबणासारखा पदार्थ) भिजवून घेतले, सुकवण्यासाठी ३७ अंशांची पेटी मागून घेतली आणि तयार पट्ट्या सिलिका जेलबरोबर पाकिटांत बंद केल्या. तेव्हा कुठे ऑक्टोबरात पहिली स्वच्छ रेघ मिळाली.

मग एक विचित्र गोष्ट घडली. सीआरपीचे प्रमाण वाढवत नेले तशी रेघ गडद होत गेली, पण सर्वांत तीव्र नमुन्याला ती एकदम फिकट आली. मला वाटले नळ्यांवरची नावे बदलली. पुन्हा केले, तेच. तिसऱ्यांदा केले, तेच. सरांनी यावेळी मला वाचायला न सांगता फळ्यावर काढून दाखवले. प्रथिन फारच जास्त झाले की सोन्यावरचे सगळे हात वेगळ्या प्रथिनांनी भरतात आणि रेघेवरचे सगळे हातही वेगळ्याच प्रथिनांनी भरतात. मध्ये पूल बनायला कुणाचाच हात मोकळा राहत नाही. म्हणजे गंभीर संसर्गाच्या रुग्णाला माझी पट्टी 'फारसे काही नाही' असे सांगण्याची शक्यता होती. नमुना आधी कितीपट पातळ करायचा, हे ठरवण्यात नोव्हेंबर गेला, आणि माझ्या प्रबंधातले सर्वांत लांब प्रकरण तेच झाले. माझ्या मते प्रबंधात उपयोगाचे असे तेवढेच आहे. चकचकीत लाल रेघेचे छायाचित्र कुणालाही काढता येते.

डिसेंबरात मावशीने पट्टी पाहायचा हट्ट धरला. मी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर एक पाकीट फोडले आणि बफरमध्ये मिसळलेल्या सीआरपीचा थेंब टाकला. लाल पाणी पांढऱ्या पडद्यावरून चढू लागले. तिने चष्मा कपाळावर सरकवला, हातात मऊ सुती मोजे होते, आणि ती म्हणाली, "दोन रेघा आल्या म्हणजे चांगलं की वाईट?" मी सांगितले की वरची आली म्हणजे पट्टी नीट आहे, खालची आली म्हणजे सूज आहे. "आणि गाठीचं सांगणारी?" अंडाशयाच्या कर्करोगासाठी सीए १२५ नावाचे प्रथिन रक्तात मोजतात, तिचेही दर वेळी मोजतात, पण तिथे आकडा वर जातो की खाली हे पाहायचे असते, रेघ आली की नाही एवढ्याने भागत नाही. मी तिला हे सांगितले. तिने पट्टी उलटून पाठीमागून पाहिली आणि परत दिली.

उरलेल्या पट्ट्या किती टिकतात ते पाहण्यासाठी तारखा घालून दोन डब्यांत ठेवल्या आहेत, एक खोलीच्या तापमानाला, एक ४० अंशांना. पहिल्या महिन्याच्या पट्ट्या दोन्हींकडच्या ठीक निघाल्या. ४० अंशांच्या डब्यातली दुसऱ्या महिन्याची पट्टी परवा फोडली; नियंत्रण रेघ आली, खालची रेघ येताना सात मिनिटे लागली आणि ती पहिल्या महिन्यापेक्षा फिकट होती.